त्रेचाळिसाव्या पानावरचा फुगा

सोमवारी सकाळी शिपाई टपालाचा गठ्ठा टेबलावर आपटून जायचा, आणि त्या आवाजासरशी उलगडेबाईंचं डोकं तापायला लागायचं.

उलगडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. 'लाल उंबरा' नावाच्या जपानी मांगाचं, म्हणजे चित्रकथेचं, त्या मराठी करायच्या आणि प्रत्येक भागाच्या शेवटी 'उलगडा' म्हणून चार पानं लिहायच्या. वाचकांच्या शंका तिथे फेडायच्या. त्यावरून कचेरीने हे नाव चिकटवलं आणि खरं नाव हजेरीच्या वहीपुरतं उरलं.

'लाल उंबरा' ही व्हॅम्पायरांची चित्रकथा. डोंगरातल्या एका गावात रक्त पिणारी माणसं एकेक करून शिरतात. प्रत्येकाच्या अंगात निराळी शक्ती, आणि प्रत्येक शक्तीला निराळं कुलूप. मूळ चित्रकाराला एकही गोष्ट सरळ सांगायची म्हणजे जिवावर यायचं. दुसऱ्या भागात मेलेला माणूस चौथ्यात परत यायचा, तो मेलाच नव्हता असं पाचव्यात कळायचं, आणि सहाव्यात निघायचं की परत आला तो मुळात तो नव्हताच. वाचक हैराण व्हायचे आणि बाईंना पत्रं लिहायचे. जणू त्या सगळ्यांना बाईंनीच मारलं होतं.

मूळ नावं जिभेवर बसेनात, म्हणून बाईंनी सगळ्यांना मराठी टोपणनावं दिली होती. 'धूरपाय्या भिंतीतून आरपार जातो, मग दाराशी उभा राहून आत बोलावण्याची वाट का बघतो?' असं एका पत्रात होतं. बाईंनी उत्तर लिहिलं : भिंत कुणाचीच नसते. दार कुणाचं तरी असतं. नीट वाचा.

'उसनगळा दुसऱ्याचा आवाज उसना घेतो, तर ज्याचा घेतला तो मुका का होत नाही?' असं दुसऱ्या पत्रात होतं. बाईंनी लिहिलं : होतो. पाचव्या भागात सुताराची बायको अठरा पानं एक शब्द बोलत नाही. तुमच्या लक्षात आलं नाही, कारण बायको गप्प बसली की कुणालाच काही चुकल्यासारखं वाटत नाही. नीट वाचा.

'नीट वाचा' हे शब्द संपादक दर वेळी खोडायचे आणि बाई दर वेळी लिहायच्या.

त्या सोमवारी मात्र गठ्ठ्यातल्या नऊ पत्रांत एकच शंका होती. सातवा भाग, पान त्रेचाळीस. दिवेवाली बोलतेय कुणाशी?

नऊही जण आंधळे, असं म्हणत बाईंनी कपाटातून सातव्या भागाची छापील प्रत काढली. त्रेचाळिसावं पान. गावातली दिवे विकणारी बाई, कपाळाला आठ्या घालून, दार उघडून उभी. तिच्या तोंडचा संवादाचा फुगा बाईंनीच लिहिलेला. तिच्यासमोर तिची पळून गेलेली मुलगी उभी असायला हवी होती. बाईंनी तिचं नाव पाहुणी ठेवलं होतं, कारण ती घरचीच असून सगळ्या पानांवर अंग चोरून बसायची.

पाहुणी तिथे नव्हती. उंबऱ्याच्या आत रिकामी फरशी होती.

बाईंनी पान उलटलं. रिकामी खुर्ची, आणि फुग्याचं शेपूट त्या खुर्चीकडे वळलेलं. फुग्यात बाईंचं वाक्य, 'मला भूक नाही.' पुढच्या चौकटीत हवेत टेकलेला पेला. शेवटच्या पानापर्यंत हेच. बोलणं होतं आणि बोलणारी नव्हती.

बाई ती प्रत हातात घेऊन जिना उतरल्या तेव्हा त्यांच्या चपलांचा आवाज खालच्या छापखान्यापर्यंत गेला.

"काका, हे काय करून ठेवलंय?"

मांडणीकाका संगणकाच्या पडद्याकडे बघत होते. पानं लावायचं काम गेली तीस वर्षं त्यांच्याकडे होतं. "काय झालं?"

"पाहुणी खाल्लीत तुम्ही. अख्खी बाई गिळलीत. तीसेक पानांवरून."

"मी कशाला खाऊ? मी फक्त पालटतो."

ते खरं होतं. जपानी पान उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं आणि आपल्या वाचकाला ते जमत नाही, म्हणून काका प्रत्येक पान आरशात धरल्यासारखं उलट फिरवायचे. त्यात डावखुरे उजवे व्हायचे, सदऱ्याची बटणं बाजू बदलायची, आणि चित्रातली घड्याळं उलटी चालायची, ती काका हाताने दुरुस्त करायचे. बाकी कशाला ते बोट लावत नसत.

"मूळ पान दाखवा."

काकांनी दाखवलं. पाहुणी होती. दारातून एक पाऊल आत टाकलेली, मान खाली, ओले केस.

"आता पालटा."

काकांनी कळ दाबली. दिवेवालीचा हात डावीकडून उजवीकडे गेला, दार फिरलं, दिवा फिरला. पाहुणी नव्हती.

पुन्हा कळ दाबली. होती. पुन्हा दाबली. नव्हती.

"बेचाळीस दाखवा." बेचाळिसाव्या पानावर ती दाराबाहेर उभी होती. पालटली तरी होती, फक्त केसांचा भांग दुसऱ्या बाजूला गेला होता.

काकांनी चष्मा काढून पुसला. "उलगडेबाई, छापायला दिलं तेव्हा होती. मी आईच्या... मी खोटं नाही बोलत."

"मग मी बोलतेय?"

"तुम्ही ओरडताय," काका हळूच म्हणाले.

संपादकांनी आधी दोघांना झाडलं. वाचक काय म्हणतील, परत पाठवलेल्या प्रती कोण घेणार, तुम्हाला डोळे दिलेत ते कशाला. मग त्यांनी स्वतः तीनदा कळ दाबून बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "अहो, व्हॅम्पायर आरशात दिसत नाही. आपण पान आरशात धरतो. म्हणजे ती कुठल्या क्षणी व्हॅम्पायर म्हणून घरात आली, हे फक्त आपल्या आवृत्तीत दिसतं. केवढी चलाखी आहे या माणसाची."

"आपण पानं पालटणार हे त्याला कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं. "आणि चित्राला काय कळतं आपण पालटलं ते?"

"ते तुम्ही उलगडा ना. पगार कशाचा घेता? आठव्या भागात चारच्या जागी सहा पानं घ्या. आणि या वेळी तुमचा फोटो छापू. वाचकांना कळू दे कोण एवढं खेकसतं ते."

सहा पानं. बाईंनी कागद पुढे ओढला आणि दात खात मुद्दे लिहायला घेतले. पहिली शंका : पाहुणी कुणाला चावत नाही, मग जगते कशावर? याचं उत्तर त्यांना कधीचं कळलं होतं. पाहुणी समोर आली की घरातला माणूस चिडतो. चिडला की त्याचं रक्त तोंडावर धावतं. पाहुणीला तेवढंच पुरतं. दात लावायची गरज पडत नाही. म्हणून तर ती दूध सांडते, दार उघडं टाकते आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही. गलथानपणा हीच तिची शक्ती.

दुसरी शंका : बोलावल्याशिवाय व्हॅम्पायर उंबरा ओलांडत नाही. पाहुणीला आत कुणी बोलावलं?

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी मूळ प्रत उघडली. त्रेचाळिसाव्या पानावर दिवेवालीचं तोंड मिटलेलं होतं आणि तिच्या डोक्यावरचा फुगा कोरा होता.

तो कोराच होता. त्यात शब्द बाईंनी घातले होते.

* * *

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळी सात वाजता दाराची घंटा वाजली होती आणि दारात धाकटी बहीण उभी होती.

पाच वर्षांनी. हातात पिशवी नाही, पायात जुन्या चपला. आईच्या आजारपणात अकरा महिने बाईंनी तिचा फोन लावला होता. आधी वाजायचा, मग बंद लागायला लागला. दोन पत्रं परत आली. आई भिंतीकडे तोंड करून रोज विचारायची, "आली का गं?" आणि बाई रोज सांगायच्या, "निघालीय." दीड वर्षापूर्वी आई गेली ती तिला निघालेलीच समजून गेली. बाईंनी मनात धाकटीसाठी शब्द रचून ठेवले होते. आंघोळ करताना, भांडी घासताना, बसच्या रांगेत त्या ते परजायच्या. आणि आता ती समोर उभी होती, तर त्यातला एकही आठवेना.

"कुठे मेली होतीस?" त्या म्हणाल्या. "आता दारात उभी राहून तमाशा करू नकोस. हो आत."

धाकटी आत आली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत सातवा भाग टेबलावर होता. त्रेचाळिसावं पान, उघडं दार, परत आलेली मुलगी, आणि आईच्या तोंडी कोरा फुगा. बाईंचा संताप झाला. एवढ्या मोठ्या प्रसंगाला या माणसाला एक शब्द सुचू नये? वाचक विचारणार मलाच. त्यांनी पेन उचललं आणि आदल्या संध्याकाळचं आपलं वाक्य, काना-मात्रेसकट, त्या फुग्यात उतरवून टाकलं.

आता त्या प्रतीकडे बघत बसल्या. मग प्रत मिटली. "मूर्खपणा," असं त्या मोठ्याने म्हणाल्या. पलीकडच्या टेबलावरची हिशेबनीस दचकली.

* * *

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाई पोचल्या तेव्हा दार सताड उघडं होतं, दिवे सगळे चालू, आणि दूध ओट्यावरून खाली ठिबकत होतं. धाकटी आईच्या खुर्चीत पाय दुमडून बसली होती.

"दार कुणासाठी उघडं टाकलंस?"

"तू येणार होतीस ना, ताई."

"माझ्याकडे किल्ली आहे. आणि ते दूध? डोळे आहेत की खाचा? नाकाला वास नाही आला जळल्याचा?" बाईंनी फडकं ओढलं आणि गुडघ्यावर बसून फरशी पुसायला घेतली. "पाच वर्षं कुणी तुझ्या मागे फडकं घेऊन फिरत होतं ते सांग तरी. नाही, ते नाही सांगायचं. आई विचारून विचारून गेली, तिला नाही सांगितलंस, मला काय सांगणार."

थंडीत शेगडीपुढे बसावं तशी धाकटी खुर्चीतून किंचित पुढे झुकली होती. बाई बोलत गेल्या. औषधांच्या वेळा, आईची पाठ, ती चादर, तो वास, बंद फोन. बोलता बोलता त्यांचे कान तापले, कपाळावरची शीर उडायला लागली. आणि धाकटीच्या गालांवर, आधी ठिपक्याएवढा आणि मग पसरत, लाल रंग चढत गेला.

"जेवलीस का?" शेवटी दमून बाईंनी विचारलं.

"मला भूक नाही," धाकटी म्हणाली. तृप्त दिसत होती.

बाईंच्या हातातलं फडकं थांबलं. हे वाक्य चार महिने रोज ऐकलेलं. फुग्यात लिहितानासुद्धा त्यांना ते आपल्याच घरातलं आहे हे जाणवलं नव्हतं.

कपाटाच्या आरशावर आईची निळी साडी टाकलेली होती. धाकटीने ती आल्या आल्याच पहिल्या आठवड्यात टाकली होती. "आईचा वास येतो," म्हणाली होती. बाई तेव्हाही ओरडल्या होत्या, आणि मग त्यांना बघायची सवय राहिली नव्हती. केस त्या चाचपून विंचरायच्या. मागच्या महिन्यात चक्कर आली म्हणून डॉक्टरांकडे गेल्या, तर रक्त आठावर आलेलं. "कुठून जातंय का रक्त?" डॉक्टरांनी विचारलं होतं. "जातंय कुठे, आटतंय," बाई म्हणाल्या होत्या. "कचेरीत."

साडीचा पदर वाऱ्याने हलला. बाई उठल्या, आरशापर्यंत गेल्या, आणि साडीची घडी नीट करून परत आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो काढायचा होता. शेजारीणबाईंना हाक मारली. त्या हात पुसत आल्या आणि बाईंना दारातच उभं केलं, उजेड तिथे चांगला म्हणून.

"तुम्ही एकट्याच कशाला, दोघी उभ्या राहा की. बहिणी किती सारख्या दिसता. ताई, जरा हसा. निदान कपाळाला इस्त्री तरी करा."

धाकटीने बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात गरम होता. चार महिन्यांपूर्वी तो बर्फासारखा लागला होता, हे बाईंना तेव्हा आठवलं.

* * *

"तुमचं तोंड पानाबाहेर जातंय," फोटो पानात लावताना मांडणीकाका म्हणाले. छापील पानावर माणसाने मजकुराकडे बघायला हवं, हा त्यांचा नियम. बाहेर बघणारा माणूस वाचकालाही बाहेर घेऊन जातो. "पालटतो."

"पालटा."

कळ दाबली गेली. दार फिरलं. भिंतीवरची घंटा दुसऱ्या बाजूला गेली. बाईंचा चेहरा मजकुराकडे वळला, आठ्यांसकट.

शेजारी कुणी नव्हतं.

काकांनी चित्र मोठं केलं. बाईंच्या खांद्यावर, जिथे हात होता तिथे, चार बोटांच्या आकाराची जागा रिकामी होती. त्यातून मागची पिवळी भिंत दिसत होती.

"उलगडेबाई," काकांनी आवाज खाली आणला. "घरी कोण आलंय?"

"माझी बहीण आलीय. सख्खी. तुम्हाला काही अडचण?"

"मला कसली अडचण. मी आपलं विचारलं."

"तुम्ही पानं लावा. माणसं लावायला मी सांगितलेलं नाही."

काका म्हणाले, "न पालटता लावतो मग. तोंड बाहेर राहील, पण दोघी दिसाल."

बाईंनी डोळ्यांसमोर आणलं. हजारो घरांत, अनोळखी माणसांच्या टेबलांवर धाकटीचा तो लालबुंद, तृप्त चेहरा. कुणीतरी निरखून बघणार. कुणीतरी पत्र लिहिणार.

"नको. चारचौघांत तिला नको. नियम म्हणजे नियम. पालटलेलाच लावा, आणि खांद्यावर रंग भरा."

काकांनी रंग भरला. भरताना ते पुन्हा पुन्हा बाईंच्या खांद्याकडे बघत होते, आणि ते पाहून बाईंना त्यांचाही राग आला.

आठव्या भागाचं मूळ दोन दिवसांनी आलं. बाईंनी दार लावून घेतलं आणि सगळं एका बैठकीत वाचलं. दिवेवाली मुलीवर ओरडते. पुन्हा ओरडते. पुन्हा. दिवेवाली वाळत जाते. काकांनी पालटलेली पानं शेजारी ठेवली होती. त्यांत पस्तिसाव्या पानावर दिवेवालीला बोटं नव्हती. पन्नासाव्यावर कोपरापर्यंत हात नव्हते. दिवा हवेत तरंगत होता.

मग एकसष्टावं पान. दिवेवाली मुलीसमोर बसलेली. फुगा, आणि त्यात एकच वाक्य : माझा राग संपला.

बासष्टाव्या पानावर दार बंद होतं. दिवेवाली आत एकटी, दोन्ही हात जागेवर. खिडकीतून पाहुणी दिसत होती. ती बाहेर धुक्यात पाठमोरी चालत होती. पालटलेल्या पानावरही ती दिसत होती, स्पष्ट, पुन्हा माणसासारखी. परत कधी आली नाही.

म्हणजे तिसऱ्या शंकेचं उत्तर हे. पाहुणीला घालवायचं कसं? ज्याने चिडून आत घेतलं, त्याने राग सोडायचा. बाईंनी ते वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं. एवढा सोपा उलगडा या माणसाने आजवर केला नव्हता.

* * *

त्या दिवशी बाई चार वाजताच घरी आल्या. ऊन तिरपं होऊन आईच्या खुर्चीपर्यंत पोचलं होतं. धाकटी जमिनीवर बसून आईच्या साड्यांच्या घड्या घालत होती आणि आईचंच गाणं गुणगुणत होती. दोघी लहान असताना, थोपटताना आई म्हणायची ते :

दोघी माझ्या लेकी, एक ऊन एक साउली
एक निघता दाराबाहेर, दुसरी मागे धावली

सूर तिला अगदी आईसारखा लागला होता. बाई तिच्यासमोर खाली बसल्या. वाक्य त्यांनी बसमध्ये घोकून ठेवलं होतं.

"ताई, आई खरंच विचारायची का गं?"

"रोज."

"आणि तू काय सांगायचीस?"

"निघालीय म्हणून."

धाकटी घडीवरून हात फिरवत राहिली. "निघालेच होते," ती म्हणाली. "खरंच निघाले होते, ताई. वाटेत..." आणि थांबली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत होता. ओठ पांढरे पडत होते. खिडकीतून येणारं ऊन तिच्या कानाच्या पाळीतून आरपार दिसायला लागलं.

बाईंच्या छातीत काहीतरी सैल झालं. बारीक गाठ, आतल्या आत, सुटायला आलेली. त्यांना कळलं की आता वाक्य म्हणायचीही गरज नाही. राग जायला निघालाच होता.

कोपऱ्यात धाकटीच्या चपला होत्या. पाच वर्षं जुन्या. चार महिन्यांत त्यांना रस्त्याची धूळ लागली नव्हती.

राग गेला की दार बंद. मग सकाळी एकटीचा चहा. संध्याकाळी किल्ली. सोमवारी टपाल.

आणि त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून विचारायला आईसुद्धा नाही.

धाकटी त्यांच्याकडे बघत होती. तिने काही मागितलं नाही. तिच्या हातातली घडी घसरून पडली, कारण हाताला ती पेलेना.

"ही घडी आहे?" बाई म्हणाल्या.

त्यांनी घसा खाकरला.

"ही घडी आहे का? शेंबडं पोरसुद्धा याहून बरी घालेल. आईने शिकवलेलं सगळं विकून आलीस वाटतं. वाटेत काय, वाटेत? पाच वर्षांची वाट असते कुठे? मी इथे एकटी तिचं सगळं काढत होते, आणि तू वाटेत."

त्या बोलत गेल्या. शोधून शोधून, जुन्या जखमेत नख घालून बोलत गेल्या. कान तापले. शीर उडाली. बोटं गार पडली, मग मनगटं.

धाकटी किंचित पुढे झुकली. गालांवर ठिपक्याएवढा लाल रंग उमटला.

"अजून बोल, ताई," ती हळूच म्हणाली.

आठवड्याभराने बाईंनी आठव्या भागाचं मराठी काकांकडे दिलं. एकसष्टाव्या पानावर त्यांनी फुगा कोरा सोडला होता. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "इथे काहीतरी राहिलंय."

"काही राहिलेलं नाही. आहे तसं लावा."

उलगड्याची सहा पानं त्यांनी चारच केली. तिसरी शंका घेतलीच नाही.

* * *

महिन्याभराने, सोमवारी, शिपायाने गठ्ठा आपटला. सगळ्यात वर एक निळं पाकीट होतं, शाळकरी अक्षरातलं.

'उलगडेबाईंना नमस्कार. माझ्या दोन शंका आहेत. एक, आठव्या भागात एकसष्टाव्या पानावरचा फुगा रिकामा आहे. ही छपाईची चूक आहे का? कारण त्यापुढे पाहुणी तर दिसत नाहीच, पण दिवेवालीही दिसत नाही, आणि रिकाम्या घरात दोघींच्या भांडणाचे फुगे मात्र चालूच आहेत. दोन, शेवटी तुमच्या नावाखाली नुसत्या दाराचा फोटो का छापला आहे? दार उघडं आहे, आणि आत चपलांचे दोन जोड शेजारी शेजारी काढून ठेवले आहेत.'

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. कपाटातून छापील प्रत काढायला त्या उठल्या, आणि अर्ध्या वाटेतून परत येऊन बसल्या. घड्याळात अकरा वाजले होते. धाकटीने सकाळी पुन्हा दूध ओतू घातलं होतं. त्यावर बोलायचं राहून गेलं होतं. संध्याकाळपर्यंत ते जपून ठेवायला हवं होतं.

त्यांनी पेन उचललं. बोटांना ते जाणवलं नाही, पण अक्षर नेहमीसारखंच आलं.

नीट बघा, त्यांनी लिहिलं.